१९०१ ची ब्रिजिट आणि १९११ ची डिलिया : बाई एक की दोन?

रानजाई

मंडळी, डोकं बधिर झालंय. तुमच्यात जुनी दप्तरं चाळणारे बरेच आहेत, म्हणून इथे धागा काढतेय.

थोडी पार्श्वभूमी. मी मूळची साताऱ्याची, गेली पंधरा वर्षं डब्लिनमध्ये. नवरा आयरिश. साबा (सासूबाई) चौऱ्याऐंशीच्या, पूर्व मेयो काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) एका खेड्यातल्या. गेल्या नाताळात त्या सहज म्हणाल्या, "माझ्या आजीबद्दल मला तिच्या नावापलीकडे काहीच ठाऊक नाही." मी म्हटलं, त्यात काय, बघू. इथे १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे मूळ फॉर्म राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. एका संध्याकाळचं काम, असं वाटलं होतं. चार महिने झाले.

साबांचे वडील जॉन. त्यांचं घर दोन्ही जनगणनांत सापडलं. आडनाव देत नाही, मेयोत दगड उचलला तर खाली त्या आडनावाचा माणूस निघतो.

३१ मार्च १९०१ : पॅट्रिक (४०), बायको ब्रिजिट (३२, जन्म शेजारच्या रॉसकॉमन काउंटीत, लिहितावाचता येत नाही), मेरी (५), जॉन (२), पॅट्रिकची विधवा आई ऑनोरा (५८).

२ एप्रिल १९११ : पॅट्रिक (५२), बायको डिलिया (३५, जन्म मेयो, लिहितावाचता येतं), जॉन (१२), ऑनोरा (९), मायकल (५), केट (३), थॉमस (१), आणि पॅट्रिकची आई नोरा (७४, व्यवसायाच्या रकान्यात 'वृद्ध निवृत्तिवेतनधारक').

आता बघा. दहा वर्षांत नवरा बारा वर्षांनी वाढला, बायको तीन वर्षांनी आणि सासू सोळा वर्षांनी!

डिलिया हे ब्रिजिटचंच लाडाचं रूप, हे मला कळलंय. बायका वय चोरतात हेही जगजाहीर. पण रॉसकॉमनची बाई मेयोची कशी झाली? आणि म्हातारीचं काय? साबांच्या घरी एकच आजी माहीत आहे. थडग्यावर पॅट्रिकखाली 'त्याची पत्नी ब्रिजिट, मृत्यू १९४७' असं कोरलंय. साबा तेव्हा सहा वर्षांच्या होत्या, त्यांना ती अंधुक आठवते. दर नोव्हेंबरात तिथे फुलं नेतात.

---

गवती_चहा

वाचतेय. काही कळत नाही, पण वाचतेय. म्हातारीला भराभर म्हातारं व्हायची घाई का झाली असेल?

---

पश्चिमवारा

म्हातारीचं उत्तर सोपं आहे. १९०८ चा कायदा. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. तेव्हाच्या मेयोत पाच शिलिंग म्हणजे चेष्टा नव्हे. १९०१ आणि १९११ शेजारी ठेवून बघा, अख्ख्या आयर्लंडभर म्हातारे असेच दहा वर्षांत पंधरा-पंधरा वर्षांनी वाढलेले दिसतात. मी कॉर्कला असतो, आमच्या ऐतिहासिक मंडळात यावर हमखास हशा पिकतो.

जन्मदाखला मागायची सोय नव्हती. जन्मांची सरकारी नोंद इथे १८६४ पासूनच सुरू झाली. मग पुरावा काय? एक म्हणजे '६ जानेवारी १८३९ चं मोठं वादळ आठवतं का?' त्या रात्री अर्धं आयर्लंड उडालं होतं. आठवतं म्हणणारा सत्तरीचा धरायचा. आता जिला पेन्शन हवी तिला वादळ आठवणारच!

सुनेचं मात्र इतक्यात ठरवू नका. आधी सांगा, १९११ च्या फॉर्मवर 'लग्नाला किती वर्षं झाली' आणि 'मुलं किती झाली, किती जगली' हे रकाने आहेत. त्यात काय लिहिलंय? १९०१ मध्ये हे रकानेच नव्हते, म्हणून नवखे तिथे बघत नाहीत.

---

तलाठीबुवा

एकतीस वर्षं तलाठी होतो, म्हणून बोलतो. वादळावरून वय काढणं हे आमच्याकडेही चालायचं. 'प्लेगात बाप गेला तेव्हा मी रांगत होते', 'मानमोडीच्या साथीत पाळण्यात होतो', पुण्याकडे 'पानशेत फुटलं त्या साली लग्न'. आणि शाळेत तर प्रश्नच नाही. गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे, पोचला तर सहा वर्षांचा, आणि जन्मतारीख १ जून. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर १ जून आहे. आई म्हणायची, तू दिवाळीतला.

---

उंटावरचा_शहाणा

मला एक कळत नाही. ब्रिजिट = डिलिया हे तुम्हीच मान्य करताय. नवरा तोच, सासू तीच, मुलगा तोच. वय चोरलं, एवढंच. रॉसकॉमन-मेयोचं म्हणाल तर १८९८ च्या कायद्याने बालाहादरीन हा भाग मेयोतून काढून रॉसकॉमनमध्ये घातला. तिथली बाई एकदा रॉसकॉमन म्हणेल, एकदा मेयो म्हणेल. आपल्याकडे जिल्हे फुटल्यावर लोक काय करतात? जालन्याचा म्हातारा आजही औरंगाबाद जिल्हा सांगतो. लिहितावाचता येणं तर काय, दहा वर्षांत शिकली असेल. उगाच एका बाईच्या दोन करू नका.

---

रानजाई

@पश्चिमवारा, माझंच चुकलं. मी आत्तापर्यंत नुसती टंकलेली यादी बघत होते, मूळ कागदाचं चित्र उघडलंच नव्हतं. आत्ता उघडलं.

लग्नाची पूर्ण वर्षं : ६. मुलं झाली : ३. जिवंत : ३.

पण घरात मुलं पाच आहेत आणि जॉन बारा वर्षांचा. अंगावर काटा आला.

---

पश्चिमवारा

अर्थात. आता मायकल, केट, थॉमस मोजा. पाच, तीन, एक. तीन मुलं, सहा वर्षांच्या लग्नात बसणारी. जॉन आणि धाकटी ऑनोरा त्या हिशोबाबाहेर.

आणि एक बारकावा. फॉर्मवर नातं कुटुंबप्रमुखाशी लिहायचं होतं, बायकोशी नाही. म्हणून पॅट्रिकच्या पहिल्या बायकोची मुलं 'मुलगा', 'मुलगी' म्हणूनच येतात. सावत्र हा शब्द कुठेच दिसणार नाही. यामुळे शेकडो वंशावळींत चुकीची आई घुसलेली आहे.

@उंटावरचा_शहाणा, बालाहादरीनचा मुद्दा एकदम रास्त. म्हणूनच जन्मगावाच्या फरकावर मी काही बांधत नाही. आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांनी फक्त काउंटी लिहायची होती, गाव नाही. इतका ढोबळ पुरावा दोन्हीकडे वळवता येतो. वयाचंही तेच. लग्नाच्या वर्षांचा आणि मुलांचा मेळ मात्र योगायोगाने बसत नाही.

---

उंटावरचा_शहाणा

तो सहाचा आकडा सोळाच्या जागी पडला असेल तर? फॉर्म गोळा करायला पोलीस यायचे म्हणतात. घरच्यांना लिहिता येत नसेल तर हवालदारच भरणार. त्याने घाईत एक आकडा खाल्ला, झालं.

---

पश्चिमवारा

सोळा धरलं तर मुलांचा आकडा किमान पाच हवा, मेरी धरून सहा. दोन रकान्यांत दोन स्वतंत्र चुका, आणि त्या एकमेकींना अगदी जुळणाऱ्या? तुम्ही वकील आहात का हो?

पण तुमची शंका कागदावर मिटवता येईल. १९०१ नंतर आणि १९०५ च्या आत त्या भागात एका ब्रिजिटचा मृत्यू सापडला पाहिजे, आणि पॅट्रिकचं दुसरं लग्न. लग्नाच्या नोंदीत नवरदेव 'अविवाहित' की 'विधुर' हे लिहिलेलं असतं, दोघांच्या बापांची नावंही असतात. नागरी नोंदी फुकट बघायला मिळतात. लग्न शोधताना १९०५ चा फेब्रुवारी आधी बघा.

---

गवती_चहा

फेब्रुवारीच का?

---

पश्चिमवारा

लग्नसराई! कॅथलिकांचा लेंटचा उपवास सुरू झाला की चाळीस दिवस लग्नं बंद. खेड्यांत सगळी घाई त्याच्या आधी. १९०५ साली लेंट मार्चच्या ८ तारखेला लागला. आपला चातुर्मास समजा.

---

तलाठीबुवा

एक मूलभूत प्रश्न विचारू का? घर तेच आहे हे कशावरून? गावात त्याच नावाचे दोन पॅट्रिक नाहीत कशावरून? आमच्याकडे वारसाच्या भांडणात आधी गट नंबर बघायचा, मग माणूस. माणसं नाव बदलतात, जमीन बदलत नाही.

---

रानजाई

तलाठीबुवा, तुम्ही दुखरी नस धरलीत. त्या टाउनलँडमध्ये (आपली वाडी म्हणा) त्याच आडनावाचे तीन पॅट्रिक आहेत! इथे मधल्या जागी बापाचं नाव लावायची पद्धत कागदावर नाही. तोंडी होती. साबा अजून 'पॅडी टॉम' म्हणजे टॉमचा पॅडी असं म्हणतात. जनगणनेतले घर क्रमांक बघितले तर १९०१ ला सात आणि १९११ ला अकरा.

---

पश्चिमवारा

ते क्रमांक विसरा. मोजणीदार ज्या क्रमाने फिरला तो क्रम आहे तो, घराचा पत्ता नव्हे. शेजारी बघा. आणि तलाठीबुवांना आवडेल अशी गोष्ट सांगतो. इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रिफिथची जमीन मोजणी आणि आकारणी झाली. त्यानंतरची फेरतपासणीची पुस्तकं आहेत. जमीन कसणारा बदलला की जुनं नाव खोडून वर नवं, बाजूला वर्ष. वेगवेगळ्या सालांच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या रंगाच्या शाईत.

---

तलाठीबुवा

म्हणजे फेरफार नोंदवहीच की! नमुना सहा. रंगीत शाई आमच्या कुळकर्ण्यांना सुचली असती तर निम्मे दावे उभेच राहिले नसते.

---

चकली

अवांतर : आपल्याकडे १९०१ चे असे कागद कुठे मिळतील? माझ्या पणजोबांचं नाव बघायचं होतं. रत्नागिरी.

---

तलाठीबुवा

नाही मिळणार, ताई. शिरगणती आपल्याकडे १८७२ पासून होते, देशभर एकाच वेळी अशी १८८१ पासून. पण छापून आली ती तालुक्या-जिल्ह्याची कोष्टकं. त्यात पणजोबा एक आकडा म्हणून आहेत, नाव म्हणून नाहीत. आणि स्वातंत्र्यानंतरचं म्हणाल तर १९४८ च्या जनगणना कायद्यातच आहे, कलम १५, की या नोंदी कुणाला तपासायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

तुम्ही कोतवाल बुक बघा, जन्म-मृत्यूचं, तहसील कचेरीत. मोडीत असेल. शाळेचं जनरल रजिस्टर. जुने फेरफार. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आणि या चारांत चार नावं निघाली तर घाबरू नका.

---

मोडीवाचक

चार नावांवरून आठवलं. आमच्या पणजीचं. उपाध्यायांच्या वहीत 'लक्ष्मी', फेरफारात 'गोदावरी', घरात 'काकी'. माझ्या काकांनी दोन पणज्या धरून वंशावळ छापून वाटली. मागून कळलं की लग्नात नाव बदललं होतं, पण तिच्या भावाने माहेरच्या जमिनीचं हक्कसोड करून घेताना माहेरचंच नाव लावलं. म्हणजे आमच्याकडे एकीच्या दोन झाल्या आणि रानजाईंकडे दोघींची एक!

छापलेल्या वंशावळी अजून लोकांच्या घरी आहेत. काका वारले, आता कोण दुरुस्त करणार.

---

रानजाई

अपडेट. बसा सगळे.

१) फेरतपासणीच्या पुस्तकात तीनही पॅट्रिक वेगळे झाले. आमचा पॅट्रिक त्याच्या बापाच्या, टॉमच्या नावाखाली लागतो. दोन्ही जनगणनांत उजवीकडचा शेजारी तोच लोहार. घर तेच.

२) १९०३. ब्रिजिट, वय ३६, शेतकऱ्याची पत्नी, क्षयाने. १९०१ च्या हिशोबाने ती ३४ असायला हवी, पण तेवढं आता मला चालतं. नोंद देणारी कोण? 'सासू, मृत्यूसमयी हजर'. ऑनोरा. सहीच्या जागी फुली.

३) १९०५, फेब्रुवारी. पॅट्रिक, विधुर. ब्रिजिट, अविवाहित.

म्हणजे दुसरीही ब्रिजिटच. घरात आधीच्या ब्रिजिटच्या आठवणी, म्हणून हिला डिलिया म्हणायला लागले असतील का? की माहेरीच डिलिया होती? कुठला कागद सांगणार.

मेरीही सापडली. १९११ ला सोळा किलोमीटरवरच्या एका दुकानदाराकडे मोलकरीण.

---

उंटावरचा_शहाणा

मान्य. दोघी. (वकील नाही, विमा सर्वेअर आहे.)

---

गवती_चहा

त्या सासूची फुली डोळ्यांसमोरून जात नाहीये. दोन लहान लेकरं आणि एक तान्हं, आणि ती कचेरीत.

---

पश्चिमवारा

अभिनंदन! आता एक शेवटचं. म्हातारीला खोटारडी ठरवून आपण मोकळे झालो, तेही मीच ठरवलं. पण वादळाखेरीज दुसरा एक पुरावा होता. पेन्शनसाठी लोक डब्लिनला अर्ज करून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत स्वतःचं नाव शोधून घेत. ते शोध-अर्ज जपलेत, आणि ऑनलाइन आहेत. त्यात अर्जदाराने आईबापाची नावं आणि गाव द्यायचं असे, आणि कारकून सापडलेलं वय खाली लिही.

मूळ जनगणना तुम्हाला बघता येणार नाही. १८२१ ते १८५१ चे बहुतेक कागद ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दफ्तरखान्यात जळाले. १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करायला गेले. म्हणून तर सगळे १९०१-१९११ ला धरून बसतात.

---

तलाठीबुवा

लगदा! आणि आम्हाला वाळवी लागली म्हणून मेमो मिळायचे.

---

रानजाई

सापडला. अर्ज सापडला. रात्रीचे दोन वाजलेत, नवरा झोपलाय, कुणाला सांगू म्हणून इथे लिहितेय.

ऑनोरा, माहेरचं आडनाव, बापाचं नाव, आईचं नाव, टाउनलँड. खाली वेगळ्या अक्षरात १८५१ ची नोंद : ऑनोरा, वय १२.

हिशोब करा. १८५१ ला १२ म्हणजे १९०१ ला ६२, १९०९ ला सत्तर. म्हातारी खरं बोलत होती! १९११ मध्ये दोन वर्षं वर लावली असतील, पण चुकीचं होतं ते १९०१ चं ५८. आम्ही सगळे उलटीकडून बघत होतो.

आणि तिच्या आईबापाची नावं जगात बहुधा आता याच एका कागदावर आहेत. पाच शिलिंगांसाठी अर्ज केला नसता तर तीही जळाली असती.

---

मोडीवाचक

वा.

---

पश्चिमवारा

पन्नाशीच्या पुढचं वय म्हणजे अंदाजच असे हो. १९०१ ला कुणी विचारलं तर 'असेन साठीच्या आत-बाहेर'. कारण नसताना कोण मोजतंय. माझे शब्द मागे.

पहिल्या ब्रिजिटचं माहेर शोधायचं असेल तर तिच्या लग्नाची नोंद काढा, मेरी पाच वर्षांची म्हणजे १८९५ च्या आसपास. तिथून बापाचं नाव घेऊन चर्चच्या बाप्तिस्मा वह्या, त्यांची चित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने १८८० पर्यंतची खुली केलीत. नावं लॅटिनमध्ये असतात, ब्रिजिटचं ब्रिगिदा. आणि एकाच घरात दोन ब्रिगिदा दिसल्या तर थोरली लहानपणी गेलेली असू शकते, तेच नाव पुन्हा ठेवत. १९२६ ची पुढची जनगणना शंभर वर्षं बंद ठेवायची होती, म्हणजे एप्रिल २०२६ पर्यंत. त्यात डिलियाचं वय काय निघतं याची मला फार उत्सुकता आहे.

---

रानजाई

लग्न मिळालं, १८९५. बापाचं नाव मिळालं. पण त्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) त्या बापाच्या नावाच्या दोन माणसांना ब्रिगिदा आहेत, एक १८६६ ची, एक १८६८ ची. पहिली मृत्यूच्या नोंदीशी जुळते, दुसरी जनगणनेशी. हे अडकलंय. कुणाला रॉसकॉमनमधल्या वह्या वाचायची सवय असेल तर निरोप टाका.

आणि साबांना सांगितलं. मी घाबरत घाबरत, चहा देऊन, सगळे कागद मांडून. की ज्या थडग्यावर तुम्ही फुलं नेता ती तुमच्या वडिलांची सावत्र आई. सख्खी १९०३ ला गेली, वडील चार वर्षांचे होते. तिचं नाव कुठल्याही दगडावर नाही.

त्या बराच वेळ त्या फुलीकडे बघत होत्या. मग विचारलं, "दोघी ब्रिजिट?"

म्हटलं, हो.

साबांचं स्वतःचं नाव ब्रीड, म्हणजे ब्रिजिटच. वडिलांनी आजीचं ठेवलं, एवढंच त्यांना माहीत. कुठल्या आजीचं, हे विचारायला आता कुणी नाही.

"माझा बाप हिशोबी होता," म्हणाल्या. "एकीला जन्म दिल्याबद्दल, एकीला वाढवल्याबद्दल. एकाच नावात दोघींचं उरकलं."

नोव्हेंबरात फुलं दोन जुड्या न्यायची आहेत म्हणतात. दुसरी कुठे ठेवायची ते मला विचारत होत्या.